निष्ठेचा दाखला आमच्याकडेच का मागता?

आज कामासाठी फ्रँकफर्टला, आमच्या केंटकीच्या राजधानीत, गेले होते. जेवताना ऑफिसातल्या एकाने हसत हसत विचारलं, "उद्या भारताशी वाजलं तर तू कुणाच्या बाजूने?" सगळे हसले, मीही हसले. तेव्हापासून डोकं फिरलंय.

अरे बाबा, या गावात मेरो स्ट्रीट आहे. कुणाच्या नावाने? एस्तेबान मिरो, न्यू ऑर्लिन्सचा स्पॅनिश गव्हर्नर! हे गाव वसवणारा जेम्स विल्किन्सन 1787 मध्ये मिरोकडे जाऊन स्पेनच्या राजाशी निष्ठेची शपथ लिहून आला. केंटकी अमेरिकेपासून फोडून स्पेनच्या बाजूला वळवायचे बेत, आणि त्याबद्दल गुपचूप पैसे. स्पेनच्या कागदोपत्री नाव 'एजंट 13'. हाच गृहस्थ 1796 च्या अखेरीस अमेरिकी सैन्याचा प्रमुख झाला, आणि त्याच वर्षी स्पेनचे डॉलर साखर-कॉफीच्या पिंपांत दडवून त्याच्याकडे पोचत होते!

मी लुईव्हिलला नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा परक्या राजसत्तेची निष्ठा सोडते म्हणताना घशात आवंढा आला होता. फोनवर आईचा पहिला प्रश्न, "मग आपला पासपोर्ट परत द्यायचा?" दिला. मुकाट्याने दिला.

बरं, तेव्हाच्या केंटकीतल्या साध्या शेतकऱ्यांवर माझा राग नाही. स्पेनने 1784 मध्ये मिसिसिपी नदीवरची वाहतूक त्यांना बंद केली. तंबाखू, पीठ डोंगरापलीकडे न्यायचं कसं? त्यात 1786 मध्ये अमेरिकेचा परराष्ट्र सचिव जॉन जे स्पेनशी करार करताना नदीवरचा हक्क 25 वर्षं बाजूला ठेवायला तयार झाला. पोटावर पाय आल्यावर 'हे सरकार आपलं का?' असं कुणीही विचारेल. मीही विचारलं असतं.

पण विल्किन्सन उपाशी नव्हता हो! केंटकीचा न्यायाधीश बेंजामिन सेबॅस्टियनही नव्हता. तो स्पेनकडून वर्षाला 2,000 डॉलर घ्यायचा. 1806 मध्ये उघडं पडल्यावर राजीनामा दिला, झालं. त्याच वर्षी माजी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बरचा देशाचा पश्चिम भाग फोडण्याचा कथित कट विल्किन्सननेच राष्ट्राध्यक्ष जेफरसनला कळवला, हे मान्य. पण स्वतःही त्यात बरबटलेला होता. 1811 च्या लष्करी खटल्यातून निर्दोष सुटला, कारण पुरावे स्पेनच्या दफ्तरात पडून होते.

आम्ही मात्र शपथ घेऊन, पासपोर्ट देऊन, कर भरून जेवणाच्या टेबलावर पुन्हा परीक्षेला बसायचं. विल्किन्सनच्या नावाचा तिथे बुलेव्हार्ड आहे.

आणि भारतातून 'मग या की परत' लिहायला सरसावलेल्यांनो, तुम्हीही त्याच टेबलावर बसलाय.