जांभळाच्या रसावर मोबाइल चार्ज होत नाही

‘जांभळाचा रस, दोन काचा, पेन्सिलीचं शिसं. घरच्या घरी सोलर पॅनल, मोबाइल चार्ज, वीजबिल शून्य! कंपन्या हे लपवतात.’ हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. मी हा सोलर सेल शाळेत मुलांकडून करून घेते, त्यामुळे गप्प बसवेना.

रस वीज बनवतो, हेच मुळात चूक. रसातलं अँथोसायनिन, म्हणजे त्याचं जांभळं रंगद्रव्य, फक्त प्रकाश पकडतं. त्याने सोडलेला इलेक्ट्रॉन घेतो काचेवरचा टायटॅनियम डायऑक्साइडचा थर, आणि अँथोसायनिनची ती तूट भरून काढतं दोन काचांमधलं आयोडीनचं द्रावण. पांढराशुभ्र थर रसात ठेवला की बघता बघता जांभळा होतो आणि पाण्याने धुतला तरी रंग जात नाही, कारण त्याचे रेणू टायटॅनियमला घट्ट धरून बसतात. मुलं काच उन्हाकडे धरून पुन्हा पुन्हा बघतात.

काच खिडकीची चालत नाही. वीजवाहक लेप असलेली काच विकत आणावी लागते, शिवाय थर सुमारे ४५० अंशांवर भाजावा लागतो. मेसेजमध्ये याचा उल्लेखच नाही.

आता मोबाइल. भर दुपारी एक चौरस सेंटिमीटरवर साधारण १०० मिलिवॉट ऊन पडतं. १९९७ मध्ये ब्लॅकबेरीच्या रंगावर केलेल्या सेलची कार्यक्षमता ०.५६ टक्के भरली, म्हणजे हाती आला अर्धा मिलिवॉट. पाच वॉटच्या चार्जरसाठी जवळजवळ एक चौरस मीटर सेल हवेत, तेही ऊन ढळेपर्यंतच. एका सेलचा दाब अर्ध्या व्होल्टच्या आत, म्हणून दहा-बारा सेल एकापुढे एक जोडायचे ते वेगळंच. छतावरचं सिलिकॉनचं पॅनल २० टक्क्यांच्या आसपास देतं. वीजबिल त्याने कमी होतं.

आणि लपवलं कुणी? ओ'रेगन आणि ग्रेट्झेल या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्येच ‘नेचर’मध्ये हा सेल मांडला. त्यांचा रंग रुथेनियम या धातूचा होता, फळाचा नव्हे, म्हणून कार्यक्षमता सात टक्क्यांवर गेली. फळांच्या रंगाची वर्गात करायची कृतीही १९९८ मध्ये रसायनशास्त्र शिक्षणाच्या नियतकालिकात छापून आली.

टिकण्याचं तर बोलायलाच नको. शुक्रवारी मल्टिमीटरवर ०.३५ व्होल्ट दाखवणारा आमचा सेल सोमवारी मेलेला होता. द्रावण वाळलेलं, रंग विटलेला. मुलांनी काचा उघडल्या आणि विचारलं, “बाई, आता कोकमाचा करूया?”