कच्चा कैदी पक्का करण्याची रीत

एखादा विद्यार्थी कायदा मोडताना सापडला, की सुजाण नागरिकाने सर्वप्रथम एक खबरदारी घ्यावी : त्याने असे का केले, हा प्रश्न कोणालाही विचारू देऊ नये. हा प्रश्न एकदा का बैठकीत शिरला, की त्याच्या मागोमाग घरची परिस्थिती, संगत, राहिलेले विषय आणि ज्याचे नुकसान झाले त्या माणसाचे म्हणणे अशी सगळी वरात आत येते, आणि पाच मिनिटांत उरकणारे काम पाच महिने रेंगाळते. त्याऐवजी ‘कायदा सर्वांना समान’ हे वाक्य खणखणीत आवाजात उच्चारावे. समोरच्याने तरीही वयाचा मुद्दा काढलाच, तर चर्चा मोबाईलच्या चोरीची चाललेली असली तरी उदाहरण खुनाचेच द्यावे. खुनाच्या उदाहरणापुढे वसतिगृहातील मोबाईल कोणालाही आठवत नाही.

आता मूळ कृती. एकोणीस वर्षांचा, पहिल्यांदाच सापडलेला मुलगा घ्यावा आणि तो शक्य तितक्या अनुभवी मंडळींच्या सहवासात ठेवावा. पहिल्या रात्री शेजारच्या सतरंजीवरचे काका आपुलकीने विचारतात, ‘काय केलंस, बाळ?’ तो सांगतो. मग ते दुसरा प्रश्न विचारतात, ‘आणि सापडलास कसा?’ या दुसऱ्या प्रश्नापासून अध्यापनाला सुरुवात होते. त्या मुलाच्या उत्तरात इतका रस त्याच्या कोणत्याही प्राध्यापकाने आजवर घेतलेला नसतो. हजेरी शंभर टक्के, शिक्षक स्वानुभवावर बोलणारे, आणि बाहेर पडल्यावर कामाला लावण्याची हमी वर्गातल्याच वडीलधाऱ्यांची. एवढ्या सोयी असताना काही मंडळी या मुलांना पुन्हा महाविद्यालयात धाडा म्हणून का हट्ट धरतात, हे कोडेच आहे.

या मार्गात आपल्या कायद्यानेच एक धोंड घालून ठेवली आहे, तिची माहिती असावी. १९५८च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे, म्हणजे अपराध्याला कैदेऐवजी देखरेखीखाली सोडण्याच्या कायद्याचे, सहावे कलम असे सांगते, की एकवीस वर्षांखालील व्यक्तीचा अपराध जन्मठेपेस पात्र नसेल, तर तिला सहसा कारावासाची शिक्षा देऊ नये. द्यायचीच असेल तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून पाहावा आणि तिला सोडणे इष्ट का नाही, त्याची कारणे न्यायालयाने लिहून ठेवावीत. साठ वर्षांहून अधिक काळ हे कलम पुस्तकात आहे. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे या कलमाचा उल्लेख चारचौघांत टाळणे. त्याच कायद्याचे बारावे कलम तर आणखी पुढे जाते आणि अशा रीतीने सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटू नये, असे म्हणते. मात्र इथे घाबरण्याचे कारण नाही, कारण आपल्या हातात अर्जाचा नमुना आहे. ‘आपणावर यापूर्वी कधी गुन्हा दाखल झाला होता काय? होय / नाही’ एवढी ओळ छापावी आणि ‘होय’पुढे तपशिलासाठी बोटभर जागा सोडावी. त्या बोटभर जागेत बसेल एवढेच त्याचे आयुष्य, असे समजून पुढचा अर्ज उचलावा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ हा रकाना असतोच. तिथे ‘चांगली’ हा शब्द न लिहिता नुसती आडवी रेघ मारली, तरी काम भागते.

इतके उघड वागणे ज्यांच्या मनाला पटत नाही, त्यांनी पाटी बदलावी. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात १९६४ साली एका पंधरा वर्षांच्या मुलावर शेजारणीला फोन करून अश्लील बोलल्याचा आरोप आला. तोच अपराध प्रौढाने केला असता, तर त्याला पाच ते पन्नास डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती. मुलावर मात्र समाजाची माया अधिक, म्हणून त्याला सुधारण्यासाठी एकविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे सहा वर्षांपर्यंत, ‘इंडस्ट्रियल स्कूल’मध्ये धाडण्यात आले. वकील दिला नाही आणि तक्रारदार बाई सुनावणीला आली नाही, कारण हा खटला नव्हताच मुळी, हे तर पुनर्वसन होते! १९६७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दारावर शाळा असे लिहिले तरी आतला माणूस कोंडलेलाच असतो, अशा अर्थाचे काहीतरी म्हणून या सुंदर व्यवस्थेवर पाणी फिरवले. तरीही पाटीवरील शब्दाचे सामर्थ्य कमी लेखू नये. आत काय चालते हे न पाहता नुसत्या नावाने ज्यांचे समाधान होते, अशा सुधारणावाद्यांची संख्या आपल्या कल्पनेपेक्षा मोठी आहे.

मुलांना तुरुंगाचा लाभ होत नाही, हे टीकाकारांचे म्हणणे एक वेळ मान्य करू. पण तो कोणालाच होत नाही, हे मात्र खरे नव्हे. पेनसिल्व्हेनियातील लुझर्न परगण्यात उपमुख्याध्यापिकेची टिंगल करणारे पान संगणकावर तयार केले म्हणून एका विद्यार्थिनीला तीन महिन्यांसाठी डांबण्यात आले होते. पुढे उघडकीस आले, की तेथील दोन न्यायाधीशांनी मुलांच्या खासगी बंदिगृहांशी संबंधित लोकांकडून २८ लाख डॉलरांच्या आसपास रक्कम घेतली होती. त्यांतील एकाला २०११ साली २८ वर्षांची शिक्षा झाली. या वेळी मात्र ‘त्याने असे का केले’ या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळाले.

काही हौशी लोक मधला मार्ग सुचवतात : मुलांना तुरुंगाची सहल घडवावी, जन्मठेपेच्या कैद्यांनी त्यांच्यावर खेकसावे, म्हणजे ती कायमची सुधारतील. हा प्रयोग १९७०च्या दशकात न्यू जर्सीत गाजला आणि इतरत्र पसरला. पुढे अभ्यासकांनी अशी सहल केलेली आणि न केलेली मुले ताडून पाहिली, तेव्हा सहल केलेल्यांकडूनच अधिक गुन्हे घडलेले आढळले. आपल्या हेतूच्या दृष्टीने हा निकाल उत्साहवर्धक असल्यामुळे या उपक्रमाला विरोध करण्याचे कारण नाही.

खरा धोका वेगळाच आहे. कॅनडातील एल्मिरा या गावी १९७४ साली दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली, मोटारींची टायर चिरली, काचा फोडल्या. प्रकरण सरळ होते, दोघांनी गुन्हा कबूलही केला होता. पण परिवीक्षा अधिकाऱ्याच्या डोक्यात एक खूळ शिरले आणि न्यायाधीशांनी ते मान्य केले : दोघांनी स्वतः त्या घरांची दारे वाजवावीत, हे आम्ही केले असे सांगावे आणि किती नुकसान झाले ते विचारून भरून द्यावे. दोघे खरोखरच दारोदार गेले. त्यांतला एक तर पुढे अपराधी आणि नुकसान झालेले यांची अशी गाठ घालून देण्याच्याच कामात पडला, म्हणजे एक होतकरू गुन्हेगार कायमचा वाया गेला. न्यूझीलंडने १९८९ साली कायदाच केला, की अपराधी मुलगा, त्याचे कुटुंब आणि ज्याचे नुकसान झाले तो माणूस यांना एका खोलीत बसवून पुढे काय करायचे ते ठरवावे. या खोलीचा मुलाला होणारा त्रास कोठडीतल्या त्रासाहून मोठा असतो, हे मी कबूल करतो. कोठडीत मान खाली घातली तरी चालते. इथे समोरची म्हातारी विचारते, की रात्रभर मी दाराला खुर्ची लावून बसले होते, ते तुला ठाऊक आहे का, आणि उत्तर आईच्या देखत द्यावे लागते.

पण प्रश्न मुलाच्या त्रासाचा नाही, आपल्या त्रासाचा आहे. कोठडीला आपली उपस्थिती लागत नाही. या पद्धतीत आपल्यालाही दार उघडावे लागते, त्याला बसायला सांगावे लागते, आणि तो गुन्हेगार आपल्या अपेक्षेपेक्षा बराच किरकोळ, मिसरूड न फुटलेला निघतो. म्हणून ज्यांच्या खिडकीची काच फुटली आहे, त्यांनी संध्याकाळी बेल वाजली तरी जागचे हलू नये. दारावरच्या भिंगातून पाहण्याचा मोह टाळावा. पुन्हा वाजली तर टीव्हीचा आवाज थोडा वाढवावा. फटीतून त्याने चिठ्ठी आणि पहिल्या हप्त्याचे पैसे सरकवले, तर पैसे मोजून घ्यावेत आणि चिठ्ठी न वाचता टाकून द्यावी.