विजेच्या गाड्यांचा इतिहास जपायचाय? मग आधी रद्दीवाल्याचा नंबर घ्या

गावात रेल्वेच्या इतिहासाचं अभ्यासकेंद्र काढायचं डोक्यात आलंय? अभिनंदन. त्यात तुम्ही मुंबईच्या आसपासचे असाल तर काम फारच सोपं, कारण देशातली पहिली विजेची गाडी इथंच धावली, ३ फेब्रुवारी १९२५, व्हीटी ते कुर्ला, हार्बर लाइनवरून, १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. ही ओळ पाठ करा. हिच्यावर आयुष्यभर सत्कार समारंभ निघतात, पुढचं कोणी विचारत नाय.

पहिलं काम, एक इंजिन मिळवा. ते चौथऱ्यावर चढवायचं, नारळ फोडायचा, दरवर्षी ऑइलपेंट मारायचा, मूळ रंग कुठला होता ते शोधत बसू नका, स्टोअरमध्ये जो डबा उरलाय तोच ओरिजिनल. घाटात मालगाड्या ओढणारं ते दोन्हीकडे लांब नाकाचं इंजिन माहितीये ना, ज्याला आपली माणसं खेकडा म्हणायची? एक नेहरू सायन्स सेंटरमध्ये उभंय. घाट उतरताना त्याच्या मोटारी जनरेटर बनून वीज परत वरच्या तारेत ढकलायच्या, हे १९२० च्या दशकातलं डिझाइन आहे बरं का, आणि हल्ली तेच नवीन शोध म्हणून सांगतात. आता एखाद्या पोराने विचारलंच की हे चालवायचे कसे, लिहिलेलं कुठे बघायला मिळेल, तर म्हणायचं, बाळा, फोटो काढ.

आता मेन विषय, कागद. सबस्टेशनची लॉगबुकं, वर्किंग टाइमटेबलं (म्हणजे फक्त रेल्वेच्या माणसांसाठी छापलेली वेळापत्रकं), वायरिंगच्या निळ्या ब्लूप्रिंट, रिटायर मोटरमनच्या माळ्यावरची ट्रंक. ह्यातलं काय कधी घ्यायचं नाही. धूळ असते, ॲलर्जी होते. घरचे द्यायला आले तर "पावसाळ्यानंतर बघू" म्हणा, पावसाळा आपलं काम बरोबर करतो. मोटरमनशी बोलून रेकॉर्डिंग करायचा आग्रह कोणी धरला तर त्यांची पंच्याऐंशी पूर्ण होऊ द्या, मग आठवण राहत नाही आणि तुमचं पण काम वाचतं.

सगळ्यात भारी संधी आली होती डीसी जाताना. वेस्टर्नला २०१२, सेंट्रल मेन लाइनला २०१५, हार्बरला एप्रिल २०१६, असं करत सगळं २५,००० व्होल्ट एसीवर (गारव्याचा एसी नव्हे, दिशा बदलत वाहणारी वीज) गेलं, तारांना उंची पुरेना म्हणून कुठे रूळ खाली घेतले, सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक ब्रिज तर पाडलाच. नव्वद वर्षं डीसी सांभाळलेल्या लोकांचं ज्ञान, म्हणजे पावसात कुठलं सबस्टेशन रुसतं, कुठला ब्रेकर आवाजावरून ओळखायचा, हे सगळं तेव्हा कोणीतरी नुसतं वहीत उतरवलं असतं तरी चाललं असतं. पण आपण शेवटच्या डीसी लोकलबरोबर सेल्फी काढले ते काय कमी आहे का?

ठाकुर्लीजवळच्या चोळा पॉवर हाऊसचा विषय बैठकीत आणूच नका. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, इंग्रजांच्या काळातली आजची सेंट्रल) रेल्वेने १९२९ च्या सुमारास स्वतःच्या गाड्यांसाठी बांधलेलं वीजघर, कोळशावरचं, ऐंशीच्या दशकात बंद पडलं. ते जपायचं म्हटलं की जागा कोणाची, खर्च कोणाचा, उगाच डोक्याला ताप. त्यापेक्षा १ जूनला डेक्कन क्वीन गाडीच्या वाढदिवसाचा केक खायला जा.

समिती मात्र हवी. तिला एकच प्रश्न द्या, ट्राम आपल्यात धरायची की नाही. १९०७ साली मुंबईत विजेवरची ट्राम आली, ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, वीज तीच, रूळ तेच, पण खातं वेगळं! ह्या एका मुद्द्यावर चहाबिस्किटांसकट चार वर्षं आरामात निघतात, तोवर फ्लोरा फाउंटनला खणताना डांबराखालून सापडले तसे आणखी रूळ कुठेतरी निघतील आणि परत गाडले जातील.

एवढं करूनही एखादी अभ्यासक मुलगी अर्ज घेऊन आलीच तर तिला सांगा, कपाटाची किल्ली साहेबांकडे आहे, साहेब ट्रेनिंगला गेलेत, झेरॉक्स बंद आहे, आणि फोटो काढायला परवानगी मुंबईहून लागते (ऑफिस मुंबईतच असलं तरी हे चालतं). मग ती कंटाळून लंडनला ब्रिटिश लायब्ररीत जाईल, तिथं तिला जीआयपीच्या फायली टेबलावर आणून देतील, ती पुस्तक लिहील आणि प्रकाशनाला प्रमुख पाहुणे म्हणून तुम्हालाच बोलवेल. जा. भाषणाची ती एक ओळ तर पाठच आहे.