वजन झालं, आता कानाचंही बघा

"बोलेल हो सावकाश, याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता!" हे वाक्य घरातली मोठी माणसं इतक्या मायेनं म्हणतात की वाद घालायची सोय नाही. पण दोन वर्षांचं लेकरू 'आई' सोडून काही बोलत नसेल, तर बापाचा इतिहास बाजूला ठेवून आधी त्याचे कान तपासायला हवेत.

माझ्या जाऊबाई अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्याकडे वजन होतं, उंची होते, दंडाला पट्टी लागते. 11.5 सेंटिमीटरच्या खाली दंड भरला, म्हणजे तीव्र कुपोषणाची खूण दिसली, की लगेच फोनाफोनी सुरू. ते व्हायलाच हवं. मात्र माता-बाल संरक्षण कार्डावर मान धरणं, बसणं, शब्द बोलणं यांची जी चित्रं आहेत, त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. अंगणवाडीच्या ॲपमध्ये वजन भरलं नाही की वरून विचारणा होते. मूल बोलतं का, हे कोण विचारतंय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, आजार आणि विकासातला उशीर, हे सगळं त्यात येतं. त्याच्या वैद्यकीय पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला यायचं, असं ठरलेलं आहे. योजना चांगली आहे, यात शंका नाही. पण तीन वर्षांच्या आतली पोरं अंगणवाडीत बसतात कुठे? ती आईच्या कडेवर, नाहीतर शेताच्या बांधावर. आशाताईंच्या ठरलेल्या घरभेटी पंधराव्या महिन्याला संपतात. म्हणजे बोलण्यातला उशीर ज्या वयात उघड दिसायला लागतो, नेमकं त्याच वयात घरी कुणी फिरकत नाही.

घरोघरी चालणारी 'टाळी वाजवली की वळतो की!' ही परीक्षाही फसवी आहे. पोर कधीकधी टाळीच्या आवाजाला नाही, हाताच्या सावलीला वळतं. थोडं ऐकू येणारं मूल दार आपटलं की दचकतं, पण हळू आवाजातलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग सगळे म्हणतात, हट्टी आहे, हाक मारली तरी ऐकत नाही.

मला विचाराल तर घरपोच आहाराची पाकिटं वाटायच्या दिवशीच हे काम व्हावं. त्या दिवशी आई हमखास येते. लेकराला सोबत आणायला सांगा, कार्ड उघडा, त्या वयाचे चार प्रश्न विचारा. सेविकांना मानधन किती आणि रजिस्टरं किती, हे मी घरातच बघते. त्यामुळे आधी त्यांचं एखादं रजिस्टर कमी करा, मग हे काम द्या.

आणि शंका आली तर नुसती चिठ्ठी हातात ठेवू नका. जिल्हा रुग्णालयात जायचं म्हणजे एसटीचं भाडं, बुडालेला रोज आणि 'आज डॉक्टर नाहीत, पुढच्या मंगळवारी या'. दुसऱ्यांदा कोण जाईल? तारीख आधी फोनवर ठरवा, भाडं द्या, पहिल्या खेपेला आशाताईंना सोबत पाठवा.

तुमच्या गावात पथक शेवटचं कधी आलं होतं? आणि चिठ्ठी मिळालेल्या पोरांचं पुढे काय झालं? माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा, मुलांची नावं मात्र टाकू नका.