स्वस्तिक झाकायचं ते का?

आज डोकं फिरलंय. भाचीला ऑफिसच्या व्हिडिओ कॉलनंतर सांगितलं गेलं की कॉलमध्ये तुझ्यामागे दिसणाऱ्या दारावरचं स्वस्तिक झाका, परदेशातल्या टीमला बरं वाटत नाही. वास्तुशांतीला तिच्या सासूबाईंनी कुंकवाने काढलेलं स्वस्तिक! पोरीने निमूट त्यावर कॅलेंडर टांगलं.

अहो, सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर ही खूण आहे. जैनांचे सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचं ते लांछन, म्हणजे ओळखचिन्ह. मुंबईतल्या कुठल्याही देरासरात, म्हणजे जैन मंदिरात जा, पाटावर तांदळाचं स्वस्तिक, वर तीन पुंजके, त्यावर चंद्रकोर. जपानी नकाशात बौद्ध मंदिर याच खुणेने दाखवतात. १८७० च्या दशकात श्लीमन या जर्मन संशोधकाला प्राचीन ट्रॉय नगरीच्या उत्खननात सूतकताईच्या मातीच्या चात्यांवर ती सापडली, मग युरोपात तिच्याभोवती आर्य वंशाची भाकडकथा रचली गेली आणि १९२० मध्ये हिटलरच्या पक्षाने ती झेंड्यावर घेतली. त्यांनी पळवली म्हणून आपण झाकायची?

भायखळ्याच्या चाळीत आमच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंचं कुटुंब होतं, मूळ अलिबागकडचं. मावशी दिवाळीत फराळाला यायच्या तेव्हा आईच्या रांगोळीतल्या स्वस्तिकावर पाय पडू नये म्हणून साडी सावरून कडेने यायच्या. शाळेत दुसरं महायुद्ध शिकल्यावर मी भीतभीत त्यांना विचारलं. म्हणाल्या, "अगो, तुझ्या आईच्या रांगोळीचा त्या मेल्याशी काय संबंध?"

हो, ज्यांची माणसं छळछावण्यांत गेली त्यांना ती खूण बघून धस्स होणारच. मान्य. पण मग मावशींसारखं बोला ना माणसाशी! १९४० मध्ये अमेरिकेतल्या नावाहो, होपी वगैरे मूलनिवासी लोकांनी नाझींच्या निषेधार्थ आपल्या विणकामातून ही खूण स्वतःहून काढून टाकली. ते वाचलं तेव्हा पोटात तुटलं. करणारा कोण, आणि सोडून द्यायचं कुणी.

पण लिहिता लिहिता माझा राग आपल्याच लोकांकडे वळतोय. फोर्टच्या फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र राजरोस विकलं जातं. २००६ मध्ये खारघरला त्याच्या नावाचं रेस्टॉरंट निघालं, स्वस्तिकासकट! मुंबईतल्या ज्यू मंडळींनी आवाज उठवला तेव्हा कुठे नाव बदललं. आईची रांगोळी आणि त्याचा झेंडा यांची सरमिसळ तिथे कुठल्या परदेशी माणसाने केली नव्हती. मावशी तोवर इस्राएलला गेल्या होत्या, त्यांना हे बघावं लागलं नाही. आईच्या दारातून मान राखून कडेने जाणाऱ्या बाईला आपण हे दाखवणार होतो?

कमेंटमध्ये कुणी 'पण हिटलर शिस्तीचा होता हो' असं लिहिलं, तर ओळख कितीही जुनी असो, तो माझ्या यादीतून गेला.