कुलूपबंद घटपर्णी

माझ्या आईने एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवले. त्या काळात तिने फळ्यावर घटपर्णी या कीटकभक्षी वनस्पतीचे चित्र किती वेळा काढले असेल याची गणती नाही. आधी पान, मग पानाच्या टोकातून निघणारे प्रतान, त्याच्या शेवटी घट आणि घटावर झाकण, अशा क्रमाने रंगीत खडूंनी ती हे चित्र अजूनही डोळे मिटून काढू शकते. मात्र जिवंत घटपर्णी तिने कधीच पाहिली नव्हती. भारतात ही वनस्पती मूळची एकाच भागातली; मेघालयातल्या खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांतली. गुडघे दुखत असताना आणि वयाची सत्तरी उलटलेली असताना तिने मेघालयात जावे, असे आम्ही कोणी सुचवणार नव्हतो. म्हणून गाडीने तीन तासांवरच्या एका वनस्पती उद्यानातल्या काचगृहात घटपर्णी आहे, असे कळल्यावर मागच्या रविवारी आई, मी, नवरा आणि सातवीतला मुलगा असे आम्ही चौघे तिकडे गेलो. त्या दिवसाचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तिकिटावर 'काचगृह दर्शनासह' असे छापलेले होते. फाटकावरच्या फलकावर तीन काचगृहांची नावे आणि वेळा ठळक अक्षरांत रंगवलेल्या होत्या. आईच्या पिशवीतला डबा फाटकावरच काढून घेतला, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही, कारण बागेत कचरा होऊ नये हे मलाही पटते. आत गेल्यावर पहिल्याच बाकाखाली वेफर्सची सात रिकामी पाकिटे पडलेली होती, त्याबद्दल मात्र म्हणणे आहे.

पहिले काचगृह निवडुंगांचे होते आणि सुदैवाने उघडे होते. दारातच तीन धारांची, पुरुषभर उंचीची एक वनस्पती उभी होती आणि तिच्यासमोर 'कॅक्टस, मेक्सिको' अशी पाटी रोवलेली होती. आईने चष्मा सारखा केला, एका मोडलेल्या फांदीवर वाळलेला पांढरा चीक दाखवला आणि नातवाला सांगितले की हा युफोर्बिया आहे, कॅक्टसच्या कुळाशी त्याचे काही नाते नाही. खऱ्या कॅक्टसचे काटे एका लहानशा लोकरी उंचवट्यातून निघतात आणि तो जवळजवळ सगळा अमेरिका खंडातला. आपल्या कुंपणावरचा फड्या निवडुंगसुद्धा परकाच. किरमिजी रंग देणारे किडे पोसण्यासाठी इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तो इकडे आणला. मराठीत आपण युफोर्बिया आणि कॅक्टस या दोघांनाही सरसकट निवडुंग म्हणतो, ते बोलण्यापुरते ठीक आहे. पण वनस्पती उद्यानाचेही तेवढेच ज्ञान असेल, तर त्याने स्वतःला बाग म्हणवून घ्यावे आणि तिकिटाचे पैसे कमी करावेत.

पुढे पाट्याच संपल्या. मातीत रोवलेल्या लोखंडी सळ्या होत्या, सळ्यांवर पत्रे होते आणि पत्र्यांवर गंज होता. एक कंत्राटी माळी रबरी पाइपने सगळ्या कुंड्यांना सारखेच पाणी घालत चालला होता. गोल, पिंपासारखा एक मोठा कॅक्टस बुडाशी तपकिरी पडून एका अंगाला कलला होता. मुलाने बोट लावले तर ते आत गेले. मी त्या माळ्याला दोष देत नाही, कारण त्याला कोणी काही शिकवलेलेच नव्हते. 'सकाळी सगळ्यांना पाणी द्यायचे' एवढाच त्याला हुकूम होता. वाळवंटातल्या झाडाला आणि नेच्याला एकाच पाइपाने, एकाच वेळी, तेवढेच पाणी द्यायचे असेल, तर त्यांच्यासाठी वेगवेगळी काचगृहे कशाला बांधली, हा प्रश्न त्याच्या वरच्या माणसांना विचारायला हवा.

आपल्या लोकांबद्दल तर काय बोलावे! घायपाताच्या रुंद पानांवर कोणीतरी किल्लीने स्वतःचे आणि दुसऱ्या कोणाचे तरी नाव कोरले होते, त्याखाली बदाम आणि बदामात बाण. घायपाताच्या पानावर ओरखडा उमटला की ते पान वाळेपर्यंत तो तसाच राहतो. कितीतरी वर्षे वाढून हे झाड आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते, आणि ही जोडी त्या झाडावर स्वतःच्या प्रेमाची जाहिरात करून जाते.

दुसरे काचगृह पाम वृक्षांचे. तिथे एका होऊ घातलेल्या जोडप्याचे छायाचित्रण चालू होते आणि गुलाबी धूर सोडला जात होता. 'अर्ध्या तासाने या' असे आम्हाला त्या छायाचित्रकाराने सांगितले, उद्यानाच्या कर्मचाऱ्याने नव्हे. दारातून दिसलेल्या सायकसवरही, जो नुसता पामसारखा दिसतो पण पाम नव्हे, 'पाम' अशीच पाटी होती, एवढेच नोंदवते आणि पुढे जाते.

तिसरे काचगृह, ज्यासाठी आम्ही तीन तास प्रवास केला होता, ते बंद होते. त्या कुलपावर इतका गंज होता की ते आदल्या दिवशी लावलेले नसावे. झाडाखाली बसलेल्या सुरक्षारक्षकाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "ते बंदच असतं."

"मग तिकिटावर का छापलंय?"

"तिकीट जुनं आहे, ताई."

"उघडतं कधी?"

"साहेब आले की."

"साहेब कधी येतात?"

"रविवारी नाही येत."

आईने काचेवरची धूळ पदराने पुसली आणि कपाळ टेकवून आत पाहिले. मीही पाहिले. टांगलेल्या कुंड्यांत घटपर्णीच होती. पाने हिरवी होती, पण घट एकही धड नव्हता. जे होते ते झाकणापासून खाली वाळत आलेले, तपकिरी कागदाच्या पुरचुंडीसारखे. कुंड्यांच्या काठावर क्षारांचा पांढरा थर चढलेला होता, म्हणजे बोअरचे जड पाणी. या वनस्पतीला पावसासारखे मऊ पाणी आणि दमट हवा लागते, नाहीतर ती नवे घट धरतच नाही. थंड देशांत काचेचे घर उबेसाठी बांधतात. आपल्याकडे खटाटोप उलटा असतो, आत कोंडलेल्या उन्हात झाडे शिजू नयेत म्हणून छताला झडपा, वर शेडनेट, एका भिंतीला ओले कूलिंग पॅड आणि समोरच्या भिंतीला हवा बाहेर ओढणारे पंखे. इथे ते सगळे बसवलेले होते. त्यावर सरकारी पैसा खर्च झालेला होता. पॅड कोरडे ठणठणीत होते आणि दोन पंख्यांपैकी एकात कबुतराने घर केले होते.

काचगृह बंद ठेवण्याला माझा मुळातच विरोध नाही. लंडनच्या क्यू उद्यानातले टेम्परेट हाऊस हे मोठे काचगृह दुरुस्तीसाठी 2013 ते 2018 अशी पाच वर्षे बंद होते. हजारो काचा बदलल्या आणि मग ते लोकांना पुन्हा खुले केले. फार लांबचे उदाहरण वाटत असेल तर बेंगळुरूचे लालबाग घ्या. तिथल्या काचगृहाची कोनशिला 1889 मध्ये बसवली गेली आणि तिथे आजही वर्षातून दोनदा, प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, फुलांची प्रदर्शने भरतात. बंद असेल तर फाटकावर तसे लिहा, म्हणजे माणूस येणार नाही. दुरुस्ती चालू असेल तर कशाची ते लिहा. एका कोऱ्या कागदाचा आणि चिकटपट्टीच्या तुकड्याचा खर्च वाचवून एका म्हाताऱ्या बाईला त्या उन्हात अर्धा किलोमीटर चालायला लावायचे, हे मला समजत नाही.

आई मात्र चिडली नाही, आणि त्यामुळे मी जास्त चिडले. तिने नातवाला शेजारच्या काचेपाशी नेले, ती काच मुद्दाम पुसली नाही आणि धुळीतच बोटाने चित्र काढायला घेतले. आधी पान, मग प्रतान, मग घट, मग झाकण. काठ किती निसरडा असतो, मधाच्या आशेने आलेला किडा पाय घसरून आतल्या रसात कसा पडतो आणि ज्या जमिनीत नत्र पुरेसे नाही तिथे वाढणारी ही वनस्पती त्या किड्याकडून ते कसे मिळवते, हे ती सांगत होती. मुलगाही ऐकत होता. ती झाकण काढत असतानाच शिट्टी वाजली आणि तो सुरक्षारक्षक झाडाखालून उठून आमच्याकडे आला.

"आजी, काचेला हात लावू नका. नियम आहे."

फाटकाच्या आत संपूर्ण दिवसात पाळला गेलेला हा पहिला नियम. धूर चालतो, कोरीव काम चालते, कबुतर चालते. धुळीत बोट चालत नाही.

तक्रारवही मागितली. ती कार्यालयात होती आणि कार्यालय रविवारी बंद होते. घरी येऊन मी संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. कुलूप, पंखा, चुकीच्या पाट्या, कुजलेला कॅक्टस असे सगळे क्रमवार लिहिले आणि सोबत चार छायाचित्रे जोडली. मंगळवारी सकाळी सव्वादहाला मोबाइलवर उत्तर आले: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' मी लगेच उद्यानात फोन लावला आणि काचगृह उघडले का, एवढेच विचारले. पलीकडच्या माणसाने थोडा वेळ कोणाशी तरी बोलून सांगितले की ते बंदच असते.