फसलेलं प्रॅक्टिकल

झूऑलॉजी शिकवणाऱ्यांचं एक उघड गुपित सांगतो. पांढऱ्या पेशी मोजायच्या प्रॅक्टिकलला (आमच्या भाषेत डीएलसी) दरवर्षी सगळ्या वर्गाच्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) २८ टक्केच भरतात. बोट वेगळं, रक्त वेगळं, कुणाची स्लाइड लिश्मनच्या रंगात बुडून नुसती जांभळी झालेली, तरी जर्नलात २८. कारण सीनियरच्या जर्नलात २८ होतं. २६ वर्षं मी त्या आकड्याखाली सही करतोय.

हे आज आठवलं ते थायमस ग्रंथीचं काम शोधून काढणारे शास्त्रज्ञ जाक मिलर यांच्यामुळे. कोविडच्या काळात 'टी-सेल' (लिम्फोसाइटमधलाच एक प्रकार) हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला. त्यातला 'टी' म्हणजे थायमस. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर असलेली ग्रंथी, लहानपणी चांगली मोठी आणि वयाबरोबर आक्रसत जाणारी. ती नेमकं काय करते हे १९६१ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. पूर्ण वाढ झालेल्या जनावरांची काढून पाहिली होती, त्यांचं काही बिघडत नव्हतं. म्हणून ठरवून टाकलेलं, हिला काही काम नाही.

मिलर यांचा जन्म १९३१ चा, फ्रान्समधल्या नीसचा. बालपण शांघायला, मग युद्धामुळे सिडनी. मोठी बहीण क्षयाने गेली, तेव्हा हे शाळकरी पोर. पुढे डॉक्टर होऊन लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत पीएचडीला आले. विषय प्रतिकारशक्ती नव्हताच, उंदरांचा रक्ताचा कर्करोग होता. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला एक विषाणू टोचला की पुढे त्याला ल्युकेमिया व्हायचा, पण महिनाभराने थायमस काढलं तर व्हायचा नाही. मग विषाणू आधी थायमसमध्येच वाढतो का? हे बघायचं तर विषाणू टोचायच्या आधी थायमस काढायला हवं, म्हणजे जन्मल्याबरोबर. ग्रॅम-दीड ग्रॅमचं पिल्लू, त्याची छाती उघडायची आणि तरी ते जगलं पाहिजे! हे त्यांनी जमवलं.

आणि प्रयोग फसला. आईचं दूध सुटल्यावर पिल्लं खंगायला लागली, मरायला लागली. विषाणू न टोचलेलीसुद्धा.

आमच्याकडे इथे 'पिल्लं दगावली, नवीन बॅच घ्या' झालं असतं. मिलर यांनी ती उघडून पाहिली. रक्तात, प्लीहेत लिम्फोसाइट जवळजवळ नाहीत, यकृतावर संसर्गाच्या खुणा. मग त्यांनी अशा पिल्लांवर परक्या जातीच्या उंदराच्या कातडीचा तुकडा लावला. एरवी असा तुकडा थोड्याच दिवसांत गळून पडतो. इथे तो चिकटून राहिला, वर त्यावर केस उगवले, दुसऱ्याच रंगाचे! शरीराला आपलं-परकं कळेनासं झालं होतं. सप्टेंबर १९६१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छोटासा लेख आला.

लगेच कुणी डोक्यावर घेतलं नाही. पीटर मेदावर, म्हणजे १९६० चे नोबेलवाले, १९६३ मध्येही म्हणत होते की थायमसमध्ये लिम्फोसाइट असणं हा उत्क्रांतीतला अपघात आहे, फार मनावर घेऊ नका. एवढा मोठा माणूस, पण चुकला.

आता 'बी-सेल'मधल्या 'बी'ची गोष्ट, माझी जास्त आवडती. बी-सेल म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या लिम्फोसाइट. ओहायोत ब्रूस ग्लिक कोंबड्यांमधली बर्सा नावाची पिशवी काढून पाहत होता. तिचंही काम अज्ञात. त्याच्या मित्राला वर्गात अँटिबॉडी कशा तयार होतात ते दाखवायचं होतं, त्याने ग्लिककडून कोंबड्या मागून नेल्या. बऱ्याच कोंबड्यांत अँटिबॉडी झाल्याच नाहीत. चक्क वर्गातलं प्रॅक्टिकल फसलं! त्या कोंबड्यांची बर्सा काढलेली होती. 'बी' म्हणजे ही बर्सा. त्यावरचा लेख नामांकित नियतकालिकाने परत पाठवला, तो १९५६ मध्ये कुक्कुटपालनाच्या मासिकात छापून आला.

१९६८ मध्ये मेलबर्नला मिलर आणि त्यांचा विद्यार्थी ग्रॅहम मिचेल यांनी उंदरांत दाखवलं की अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी अस्थिमज्जेतून येतात, पण थायमसमधल्या पेशींची मदत असल्याशिवाय त्यांचं चालत नाही. एका परिषदेत कुणीतरी टोमणा मारला म्हणे, की बी आणि टी ही 'बुलशिट'ची पहिली आणि शेवटची अक्षरं आहेत.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. एचआयव्हीच्या पेशंटचा सीडी-४ काउंट हा टी-सेलचाच काउंट. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या उपचारात रुग्णाच्याच टी-सेल बदलून कर्करोगावर सोडतात. २०२५ च्या नोबेलमधले साकागुची ज्या प्रयोगाचा धागा धरून निघाले, त्यात थायमस पहिल्या नाही तर तिसऱ्या दिवशी काढलेलं होतं, आणि उंदरांचं शरीर स्वतःवरच उलटलं होतं. मिलर यांना मात्र २०१९ मध्ये वैद्यकातलं लास्कर पारितोषिक मिळालं, नोबेल नाही. मला हे पटलेलं नाही, पण आपल्याला विचारतो कोण.

मघाशी एक गोष्ट गाळली. पाच-सहा वर्षांपूर्वी एका मुलीने डीएलसीत लिम्फोसाइट ४६ टक्के लिहिले. मी म्हटलं, "अगं, शंभर पेशी नीट मोजल्यास का?" ती म्हणाली, "सर, दोनदा मोजल्या." मायक्रोस्कोपला डोळा न लावता मी तिला आकडा खोडायला लावला, आणि तिने २८ लिहिलं. आठवडाभर तापाने आजारी होती, त्या दिवशी पहिल्यांदाच कॉलेजला आली होती. हजेरीपटावर मीच तिची गैरहजेरी मांडली होती.